काचेवरची वाफ

बाबांचं आज ऑपरेशन होतं. ते घरी आले की टीव्हीवर दाखवायला मी कॉम्प्युटरवर छोटी फिल्म जोडत बसलो होतो. शेवटी त्यांचा हसरा फोटो, आणि त्यावर कॉम्प्युटरवरच बनवलेली काच. कडा वाकवल्या, चकाकी दिली. काच खरीखुरी वाटायला लागली.

ताई खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "तोंडापाशी वाफ झकास जमलीय रे! तुझं एक तरी काम धड झालं म्हणायचं."

"मी वाफ घातलीच नाहीये."

काचेचा थर बंद केला. फोटो लख्ख. पुन्हा चालू केला, तर बाबांच्या ओठांसमोर धुरकट ठिपका पसरला, विरला, पुन्हा पसरला. फिल्म तर मी थांबवून ठेवली होती.

"काढू नकोस," ताई पुटपुटली. "देवा, असू दे."

नकळत आम्ही दोघंही त्याच लयीत श्वास घ्यायला लागलो.

मग ठिपका विरला. काच स्वच्छ झाली, आणि स्वच्छच राहिली.

फोन वाजला. हॉस्पिटलमधून आईचा.

"घे ना, ताई."

तिने वाजणारा फोन तळहाताखाली दाबून धरला. नजर काचेवरच.

"थांब रे. आधी एकदा वाफ येऊ दे."