दुसरा फोन

फॉर्मवर भेदभावाच्या कारणाचा रकाना होता. वंश, धर्म, वय, आणखी बरंच काही. कुसुम सोनकांबळेने एकाही चौकटीत खूण केली नव्हती.

"एक तरी निवडावं लागेल," टेबलामागची उर्जा, लग्नानंतरची बेकर, म्हणाली. "मराठीत बोललीस तरी चालेल. मी इथलीच, पण समजतं मला."

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या सल्लाकेंद्रात उर्जाला नऊ वर्षं झाली होती. घर नाकारलेली माणसं तिने ढिगाने पाहिली होती. कुसुमचीही तीच रड. पीएचडी करणारी मुलगी, शुक्रवारी वसतिगृह सोडायचं होतं. मेसेजवर खोली ठरली, करारासाठी पूर्ण नाव कळवलं आणि तासाभरात निरोप आला, खोली गेली. जाहिरात मात्र अजून जागच्या जागी होती.

उर्जाला मनापासून चीड आली. या चिडीपायीच तर ती या कामात पडली होती. ती लहान असताना महाराष्ट्रातून आलेले तिचे बाबा याच शहरात अकरा दारांवरून परत फिरले होते. पुढे त्यांनी स्वतःची दोन-तीन घरं केली, पण ती अकरा दारं विसरले नाहीत. अजूनही सवयीने जर्मन 'तर मग' मराठीला जोडून म्हणतात, "आल्झो बाळ, माणसाला दारातून परत पाठवू नये."

तिने नेहमीचा उपाय सांगितला. घरमालकाला दुसरा फोन करायचा. माहिती तीच, फक्त नाव जर्मन. खोली आहे म्हणाला की सापडला.

"जर्मन नाव नको, ताई," कुसुम म्हणाली. "माझी मैत्रीण करेल फोन. मैथिली दामले."

शेजारी बसलेल्या मैथिलीने मान खाली घातली. दोघी एकाच गावच्या, एकाच संस्थेतल्या. उर्जाच्या कानाला दोन्ही आडनावं सारखीच परकी होती. यातून काय सिद्ध होणार, असं तिने विचारलंही. निदान घरमालकाचं नाव तरी सांग, म्हणाली.

"आधी ऐका," कुसुम म्हणाली. "मग कोणत्या चौकटीत खूण करायची, ते तुम्हीच सांगा."

मैथिलीने नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. फोन उचलला जाताच तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, खोली आहे का विचारलं. उर्जा पेन सरसावून बसली.

पलीकडे कुणीतरी प्रेमळपणे हसलं.

"आल्झो बाळ, दामले म्हणजे आपल्यातलीच की. खोली तुझीच समज."