शांत बोट

रेवणसिद्धआप्पांनी उजव्या हाताचं बोट यंत्रमाग कारखान्याच्या भिंतीतल्या उघड्या वायरजवळ नेलं आणि डोळे मिटले. सोलापुरातल्या बहुतेक वायरमननी आता बोटात चुंबकाची कणी बसवून घेतली होती. वायरमधून वीज वाहत असली, की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कणीला हलवायचं आणि बोट झिणझिणायचं.

आत्ता बोट एकदम शांत होतं.

"मेलीय वायर. पक्कड दे," आप्पा म्हणाले.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या लेकीने, शिवलीलाने, पक्कड उचलली खरी, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. कारखान्यातले चोवीसच्या चोवीस माग बंद होते, आणि मेन स्विच चक्क चालू!

"आप्पा, हात लावू नका!"

"का गं? दहावीत गेलीस म्हणून मला शिकवणार होय?"

"हो, शिकवणार! माग बंद आहेत, म्हणजे वीज वाहतच नाहीये. मग चुंबकीय क्षेत्र कुठून येणार? पण वायर जिवंत आहे. तुम्ही धरलीत, की वीज तुमच्यातून वाहील!"

आप्पा हसले. शिवलीला पक्कड घेऊनच शेजारच्या दुकानात पळाली आणि जुना टेस्टर घेऊन आली. वायरला टेकवताच त्याचा दिवा पेटला.

आप्पांनी बोट झटकन मागे ओढलं.

"शिवे, काल वायरमनच्या प्रशिक्षणात मी बेचाळीस जणांना टेस्टर फेकून द्यायला लावले गं."

तिने त्यांच्या हातात फोन दिला. आप्पांनी त्या बेचाळीसांतला पहिला नंबर लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना.