दार-ए-सलामच्या गमती

दार-ए-सलामला नोकरीस गेलेला मुलगा वरद तिथे अपघातात निवर्तला, हे मनोहरपंतांनी हृदयविकाराने क्षीण झालेल्या पत्नीला कळू दिले नव्हते. रोज सायंकाळी ते बुकित बातोक या उपनगरातील आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील बाकावर बसत आणि मुलाच्या सामानासोबत परत आलेल्या त्याच्याच फोनवरून, त्याचाच आवाज काढून, वर घरी बोलत.

“आई, इथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात वाजले की म्हणायचं, एक वाजला!”

“अगंबाई! मग तुझे बारा वाजतात तरी कधी रे?” उल्काताई खळखळून हसल्या.

ते हसू ऐकताना आज मनोहरपंतांच्या तोंडून हुंदका निसटला.

 

फोनवर हळुवार शब्द आले, “अहो, वर या आता. एकटीनं रडणं मलाही सोसत नाही.”