खेरीज करून

अलाबामातल्या चर्चच्या पायरीवर मास्तर अमेरिकेच्या घटनेतली नवी दुरुस्ती वाचत होते. "गुन्ह्याची शिक्षा खेरीज करून, या देशात गुलामगिरी राहणार नाही!" कालपर्यंत गुलाम असलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. डायसी तेवढी हाताची घडी घालून उभी राहिली.

"मास्तर, ते 'खेरीज करून' पुन्हा वाचा बघू."

हे शब्द तिच्या चांगले ओळखीचे होते. मालकीणबाईंनी एकदा सांगितलं होतं, पाहुणे येतील ते रविवार खेरीज करून दर रविवारी सुट्टी. त्यानंतर एकही रविवार पाहुण्यांवाचून गेला नाही.

"अगं, गुन्हा केला तर ना!" तिचा नवरा केटो हसला. "आपण कशाला करतोय?"

"पण गुन्हा कशाला म्हणायचं, ते कोण ठरवणार?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

महिन्याभरातच नवा कायदा आला: कामाशिवाय रस्त्यावर फिरणं हा गुन्हा. काम शोधायला निघालेल्या केटोला शेरीफने वाटेतच धरलं. तुरुंगाने त्याला जुन्या मालकालाच भाड्याने दिलं.

बेड्या ठोकलेल्या पायांनी तो शेतात राबताना दिसला, तशी डायसी कुंपणाशीच थांबली.

"आले पाहुणे," ती म्हणाली.