नालोंगोचा पहिला सिनेमा

पडद्यावरचा राजा पुन्हा ढगांकडे बघत उभा राहिला, तेव्हा नालोंगोने नवऱ्याच्या कोटाची बाही ओढली.

"सालोंगो, हा बोलत का नाही?"

"विचार करतोय."

"तिसऱ्यांदा? आणि आपल्या राजाकडे घोडे कधी होते हो?"

चार महिने रेडिओने कान किटवले होते. आपला राजा, आपली लढाई, असा सिनेमा युगांडात झाला नाही! कंपालातल्या जुळ्या लेकींनी हौसेने दुपारच्या खेळाची तिकिटं काढून दिली. लग्नाला निघावं तसे, तो पायघोळ पांढऱ्या कांझूवर कोट चढवून आणि ती ठेवणीतली रेशमी गोमेसी नेसून मसाकाहून पहाटेच्या बसने आले. आणि इथे बघावं तर तासभर नुसतं धुकं, धूळ आणि सावकाश उडणारं रक्त.

नालोंगोचा हा जन्मातला पहिला सिनेमा. वीस वर्षं सालोंगोने मसाकाच्या बाजारामागच्या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये व्हीजे म्हणून माइक धरून परदेशी सिनेमे लुगांडा भाषेत सांगितले, आणि वीस वर्षं ती त्याच हॉलच्या दाराबाहेर कसावा तळत बसली. कढई सोडून आत जाणं कधी जमलंच नाही. पण दारावरच्या कर्ण्यातून तिने एकूण एक सिनेमा ऐकला होता. सालोंगोचा आवाज जरा उतरला की मागच्या बाकांवरून आरोळी यायची, "व्हीजे, मागच्यांनीही पैसे दिलेत!" मग तीही बाहेरून कढईवर झारा आपटून साथ द्यायची. काय दिवस होते ते!

"तुमचे सिनेमे किती छान असायचे," ती म्हणाली. "तो चिनी सेनापती नव्हता का, सासूची गाय विकून तलवार घेतलेला? मला वाटलं, तसलं काहीतरी बघायला मिळेल."

त्या सिनेमात गाय नव्हती. सासूही नव्हती. चिनी त्याला ओ की ठो कळत नसे. पडद्यावर हाणामारी चालायची, बाकीचं सगळं तो पदरचं घालायचा. रोज घरी आल्यावर नालोंगो त्याच गोष्टी इतक्या रंगून सांगायची, की खरं काय ते तिला सांगण्याचा त्याला कधी धीरच झाला नाही.

"गाय मी घातली होती," तो पुटपुटला.

"कुठं?"

"सिनेमात. सासूपण. तिथंही माणसं अशीच पळत असायची."

"सगळ्या सिनेमांत?"

"सगळ्या."

तिने त्याची बाही सोडली. पडद्यावर दोनशे माणसं मेली. सालोंगोला वाटलं, संपलं. वीस वर्षांत बायकोला दिलेलं एवढं एकच सुख, तेही आपल्याच तोंडाने घालवलं.

"मग यात का नाही घालत?" ती एकदम म्हणाली. "बसलात काय मख्खासारखे?"

सालोंगोने घसा खाकरला.

"तो जाड्या सरदार बघ," तो कुजबुजला. "लढायला आलाय खरा, पण जीव घरी अडकलाय. बायकोनं चुलीवर मटोके ठेवलाय, आणि हा 'दोन मिनिटांत आलो' सांगून निघालाय."

नालोंगो खुदकन हसली. मग घोड्याची कुरकुर झाली, राजाचं गुडघ्याचं दुखणं झालं. पुढच्या रांगेतली बाई वळली आणि तिने डोळे वटारले. सालोंगो ओशाळला. त्याने आवाज उतरवला, मग बंदच केला. राजा पुन्हा ढगांकडे बघू लागला.

तेवढ्यात पार मागून, अंधारातून, एका घोगऱ्या म्हाताऱ्या आवाजात आरोळी आली, "व्हीजे, मागच्यांनीही पैसे दिलेत!"

नालोंगोने पायातली चप्पल काढली आणि खुर्चीच्या दांडीवर आपटली.