पडला म्हणायचं

बन्सीलालचा मुलगा भूपेंद्र इंजिनिअरिंगला लागला त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवला, हा खेळ त्यांच्या बमरोलीच्या खोलीत आला. पुढच्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला बन्सीलालचा भालदार किल्ल्याच्या दरवाजात पडला, आणि पडूनच राहिला.

"पप्पा, पासा नाखो ना!" नूतन म्हणाली. "तुमचा गडी पडलाय, हात नाही पडला."

बन्सीलालने फासा टाकला. पडलेल्याने बाकीच्यांसाठी फासे टाकायचे, हा घरचा नियम होता. त्यामुळे कोणी रुसून उठून जात नसे.

या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. भूपेंद्र गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतले गडी व्हायचे. नूतन तिरंदाज, तिची आई सरलाबाई वैदू, बाप बन्सीलाल भालदार. वार लागला की हुकला, ते फासा ठरवायचा. होस्टेलच्या मित्राकडून भूपेंद्रने नियमांची झेरॉक्स आणली होती. त्यात शक्ती संपली की गडी मेला, असं होतं. पहिल्याच दिवशी त्याने बहिणीला "तू मेलीस" म्हटलं, तशी सरलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"मन्हा घरमा कोन्ही मरस नही. पडनी म्हण."

"मम्मी, हा खेळ आहे."

"मंग खेळमा बी नही."

तेव्हापासून नियम बदलले. वार करताना आधी सांगायचं, जीव घेत नाही, शुद्ध घालवतो. शक्ती संपली की 'पडला' म्हणायचं. पडलेल्याला दुसऱ्या गड्याने पाणी पाजलं की तो उठतो, आणि पाणी नको म्हणायचा हक्क पडलेल्याला नाही. दरोडेखोरांनाही तोच कायदा. ते मरत नसत, त्यांना बांधून ठेवावं लागे.

"एवढ्या लोकांना खायला कोण घालणार?" भूपेंद्र वैतागायचा.

"मी घालेन. तू गोष्ट सांग," असं सरलाबाईचं उत्तर ठरलेलं.

कोणी बाजारात किंवा पाळीवर गेलं, तर त्याच्या गड्याचं बोलणं दुसऱ्याने बोलायचं, त्याच्याच ढंगात. बन्सीलाल बायकोचं बोलणं असं हुबेहूब करायचा की शेजारची सखुबाई भिंतीपलीकडून फसून ओ द्यायची.

आज मात्र बन्सीलालला कोणी मरत नाही हा नियमच मोडायचा होता. सांच्यावर कापड विणायला जाणं त्याने सोडलं होतं. बाहेर सगळ्या गल्लीत सांच्यांची खटखट चालू असायची आणि हा दार लोटून बसायचा. सकाळी त्याने मनाशी ठरवलं होतं: आपला भालदार मेला, असं एकदा भूपेंद्रने म्हटलं की आपणही उठायचं, खाडीच्या पुलावर जायचं आणि परत यायचं नाही.

दार ढकलून सखुबाई आत आली. हातात झाकलेलं ताट.

"भाऊ, भरीत-भाकरी आणलीय. सकाळचं तसंच दिसतंय."

"ठेवा."

तिने ताट ठेवलं, जमिनीवरच्या फाशांकडे पाहिलं आणि गेली.

"लोकेसना हातनं भरीत बरं चालस," सरलाबाई म्हणाली. "मन्हामा म्हणे मिरची जास्ती!"

नूतन हसली. बन्सीलाल हसला नाही.

"भूपेंद्र, या खेपेला दरोडेखोराला सांग, खरा वार कर."

"कोणावर?"

"भालदारावर. पडलाय, हलत नाही. संपव त्याला."

"पप्पा, नियम आहे."

"आपणच केलेला ना? आपणच मोडू."

"मोडायला सगळे हो म्हणायला पाहिजेत."

"मी नाही म्हणते," नूतन म्हणाली.

"तुला काय त्रास आहे गं?"

"मग माझे फासे कोण टाकेल?"

बन्सीलाल हळू आवाजात म्हणाला, "मी दमलो, बेटा. दरवाजात पडल्या पडल्या बघतो, तुम्ही तिघं आत निघून गेलात. मला पण आत यायचंय."

"आत काही नाही, पप्पा," भूपेंद्र म्हणाला. "आतलं मी अजून ठरवलंच नाही."

"ठरव ना मग! तुला कोणी अडवलंय?"

बाहेर एक सांचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"ओ नूतनना बाप," सरलाबाई म्हणाली. "पानी प्या."

"नको."

"नको म्हणता येस नही."

"सरला, सोड मला."

"मी धरलंय कुठं? पानी प्या म्हणते."

बन्सीलालने तांब्या उचलला. थोडं पाणी शर्टावर सांडलं, उरलेलं तो प्यायला.

"भालदार उठला," भूपेंद्र म्हणाला. "शक्ती थोडीच आहे. चालण्यापुरती."

"कुठे चालायचं?"

"मागे. किल्ला उतरून गावात. दरोडेखोर बांधलेले आहेत, त्यांना भाकरी नेऊन द्यायची आहे."

"एकट्याने?"

"एकट्याने. आम्ही आत आहोत."

बन्सीलालने फासे गोळा करून फळीवर ठेवले. ताट पुढे ओढलं. भरीत थंड झालं होतं, मिरची कमी होती. तरी त्याने सगळं खाल्लं, ताट घासलं आणि सखुबाईच्या दारात नेऊन दिलं.

"सुकदेवभाऊ घरी आले की सांगा, उद्या पाळीला जाताना मला हाक मारा म्हणावं."

सखुबाईने ताट घेतलं. पदर डोळ्यांना लावला. "सांगते, भाऊ," एवढंच म्हणाली.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, बन्सीलाल पाळीवर असताना, सरलाबाई, नूतन आणि भूपेंद्र बारडोलीच्या लग्नाहून येताना जीप उलटून जागीच वारले होते; तेव्हापासून त्यांच्या गड्यांचं बोलणं बन्सीलालच बोलत होता.