बादलीतला समुद्र

बंडूजींनी बादलीत मिठाची दुसरी मूठ टाकली, काठीने ढवळलं आणि बोट बुडवून चाटून पाहिलं. समुद्र किती खारट असतो हे हिंगणघाटात विचारणार कुणाला? शेजारचे अण्णाजी एकदा गोव्याला जाऊन आले होते, पण ते घोट्याच्या वर पाण्यात उतरलेच नव्हते.

शर्टाच्या खिशात मुलाच्या, अंकितच्या अक्षरातला कागद होता. वर 'मालवण, नोव्हेंबर २००३' आणि खाली यादी. नागपूरहून मोठा रॉड आणि रीळ आणणे. टोप्या, दोन. बाबांसाठी उलटीच्या गोळ्या. शेवटचं कलम होतं, 'कणीक खाऱ्या पाण्यात किती वेळ टिकते ते पाहणे. मीठ मोजून टाकणे, बाबांच्या अंदाजाने नाही.' वरच्या सगळ्यांपुढे टिकमार्क होते. हे एक राहिलं होतं, आणि समुद्रपूरच्या रस्त्यावर अंकितची गाडी ट्रकखाली गेली त्याला आज चौपन्न दिवस झाले होते.

"कणीक देजो व," बंडूजींनी हाक मारली.

सुलोचनाबाई गोळा घेऊन अंगणात आल्या. रोज सकाळी त्या परातीत पीठ घेत आणि हात आपोआप तिघांचं घेई. पोळ्या झाल्या की गोळा उरे. आधी तो गाईला जायचा, आठ दिवसांपासून बादलीत जाऊ लागला. तो का उरतो हे त्यांनी सांगितलं नाही आणि बंडूजींनी विचारलं नाही. खरं तर गळ्यात माळ असलेल्या या बाईने तीस वर्षं नवऱ्याला गळासाठी स्वयंपाकघरातलं चिमूटभर पीठ घेऊ दिलं नव्हतं. मासोळ्यांसाठी अंगणात वेगळी चूल, वेगळी कढई, कणकेचा वेगळा डबा. चुकून सरमिसळ झाली की घर डोक्यावर घ्यायच्या. आता स्वतःच्या हाताने गोळा देताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

बंडूजी कापसाच्या जिनिंग मिलमधून रिटायर झालेले, घरात कापसाला तोटा नव्हता. आज त्यांनी थोडा कापूस पिंजून कणकेत मळला. वणा नदीवर गळ टाकून बसणारे बहुतेक असंच करतात. कापसाच्या धाग्यांमुळे गोळा विरघळत नाही. गळ बादलीत सोडून त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं. दहा. वीस. गोळा टिकला. अंकित असता तर अंगणभर नाचला असता. बंडूजींनी कागद काढून टिकमार्क केला. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. आपल्याला वाईट वाटत नाही याचीच त्यांना अलीकडे भीती वाटे.

तेवढ्यात आत फोन वाजला.

"मालवणहून बोटवाला बोलतोय. अंकित आहेत का?"

"नाई. मी त्याचा बाप."

"नमस्कार काका! पुढच्या रविवारचं नक्की ना? दोघंच येताय?"

अंकित गेला, एवढंच सांगायचं होतं. दोन शब्द. चौपन्न दिवसांत बंडूजींनी ते एकदाही उच्चारले नव्हते. गावात सांगायची गरजच पडली नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"दोघं," ते म्हणाले. मग घाईघाईने, "कणीक टिकते बरं का खाऱ्या पाण्यात. कापूस टाकून पाह्यला मी."

पलीकडचा माणूस मनापासून हसला. "अहो काका, सुरमईला कणीक कसली घालताय! कोळंबी, बांगड्याचे तुकडे, ते सगळं मी बघतो. तुम्ही नुसते या. आणि अंकितला म्हणावं, पिठाचं ओझं आणू नको."

"सांगतो," बंडूजी म्हणाले आणि फोन ठेवला.

ते बाहेर आले तेव्हा सुलोचनाबाई बादलीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. नवा रॉड भिंतीला टेकवलेला होता, त्याचं प्लास्टिक अजून कुणी काढलं नव्हतं.

"अजून हाये," गोळ्याकडे पाहत त्या म्हणाल्या.

"समुद्रातल्या मोठ्या मासोळ्या कणीक खात नाई म्हणे."

फोनवरचं एका बाजूचं बोलणं सुलोचनाबाईंनी ऐकलं होतं.

"त्याले सांगतलं नाई तुम्ही?"

"नाई."

"काऊन?"

सुलोचनाबाईंनी बोटांना लागलेली वाळली कणीक नखाने खरवडून काढली. एकेक बोट, सावकाश.

"मंग उद्यापासून मी किती जणाची कणीक भिजवू?"

बंडूजींनी हातातल्या कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"दोघाची," ते म्हणाले.

बादलीतला गोळा अजून गळाला धरून होता.